टू-स्ट्रोक कीं फोर-स्ट्रोक?

डोंगरवाटा, चिखल व वाळू यांवरून धांवण्याकरितां बनविलेल्या हलक्या मोटारसायकलीस डर्ट बाइक म्हणतात. ती घेऊं इच्छिणारे पुष्कळ तरुण एंजिनाचा केवळ आंकडा पाहतात. परंतु २५० चें यंत्र १२५ च्या दुप्पट बलवान, हा हिशेब येथें साफ चुकतो.

नळकांड्यांत दट्ट्या एकदां वर किंवा एकदां खालीं गेला म्हणजे एक स्ट्रोक झाला. निकोलाउस ओटो यानें १८७६ सालीं जर्मनींत सिद्ध केलेल्या फोर-स्ट्रोक एंजिनांत इंधन घेणें, दाबणें, पेटविणें व धूर टाकणें या क्रिया चार स्ट्रोकांत होतात. म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकच स्फोट. टू-स्ट्रोकांत प्रत्येक फेऱ्यास स्फोट होतो. म्हणून आकार सारखा असतां त्याचा जोर पुष्कळ अधिक. (दुप्पट मात्र नव्हे; कांहीं ताजें इंधन न जळतांच बाहेर जातें.) शर्यतींत १२५ चें टू-स्ट्रोक व २५० चें फोर-स्ट्रोक एका वर्गांत धरण्याची रीत पडली ती यामुळेंच. अर्थात् २५० चें टू-स्ट्रोक नवशिक्याच्या हातीं देऊं नये.

शिवाय टू-स्ट्रोकाचा जोर मंद गतींत निद्रिस्त असतो आणि फेरे वाढतांच एकाएकीं उसळतो. फोर-स्ट्रोकाचा जोर तळापासून सारखा चढत जातो. १९९८ सालीं डग हेन्री यानें यामाहाच्या फोर-स्ट्रोकावर अमेरिकेचें मोटोक्रॉस अजिंक्यपद मिळविलें, आणि पुढें थोड्याच वर्षांत मोठ्या शर्यतींतून टू-स्ट्रोक मागें पडलें.

उतारावर हा भेद विशेष जाणवतो. थ्रॉटल मिटल्यावर फोर-स्ट्रोकाचें एंजिनच गाडीस आवरतें. टू-स्ट्रोकांत हा आधार फार थोडा. शिवाय त्याचें वंगण बहुधा पेट्रोलांतच मिसळलेलें असतें. (जुन्या बजाज चेतकवर बसलेल्या पालकांस पंपावरील तेलाचें माप आठवत असेल.) म्हणून लांब उतारावर पेट्रोल तुटलें कीं तेलही तुटतें. जाणता स्वार मधून मधून क्लच दाबून थ्रॉटल किंचित् उघडतो, तो ह्याकरितां.

मग टू-स्ट्रोक घ्यावें कोणी? ज्यास स्वतः पाना धरण्याची हौस आहे त्यानें. झडपा व कॅम नसल्यानें तें हलकें असतें, आणि नवा दट्ट्या घरींच एका दुपारीं बसवितां येतो. शर्यतीच्या फोर-स्ट्रोकाची झडप तुटून आंत पडली तर मात्र दुरुस्तीचा खर्च पालकांच्या चांगलाच लक्षांत राहतो. नुसतें शिकावयाचें असल्यास, माझ्या मतें, साधें, हवेनें थंड होणारें लहान फोर-स्ट्रोक घ्यावें; त्यास शर्यतीच्या यंत्राइतकी निगा लागत नाहीं.

शर्यतीच्या एंजिनाचें आयुष्य मैलांत नव्हे, तासांत मोजतात. जुनी गाडी घेतांना दट्ट्या किती तासांपूर्वीं बदलला हें विकणाऱ्यास विचारावें. उत्तर न मिळाल्यास त्या कामाचा खर्च वजा धरूनच किंमत बोलावी.