तीन टनांचे झाकण

ऐन एप्रिलात, ऊस पाण्यावाचून सुकत असताना, आमच्या विहिरीवरचे डिझेल इंजिन बंद पडले. हेड उतरवून व्हॉल्व्ह घासून घेतले, पण बसवताना जुनेच गॅस्केट वापरले. तासाभरात हेडखालून पाणी झिरपू लागले. तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, त्याच्यावर नवं एक घालू. दोन असल्यावर कशाला गळतंय?" मी पदार्थविज्ञान शिकवतो, तरी मान डोलावली! हँडल मारून खांदे दुखून आले, पण इंजिन काही सुरू होईना.

विद्यार्थिमित्रांनो, थोडे गणित करू. पाच अश्वशक्तीच्या अशा इंजिनात सिलिंडरचा व्यास ८० मि.मी. असतो, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ५० चौ.सें.मी. ज्वलनाच्या वेळी दाब दर चौ.सें.मी.ला ६० किलोग्रॅम धरला, तर हेडला वर ढकलणारे बल ३,००० किलोग्रॅम, म्हणजे तीन टन होते! नटांनी हेड याहून जास्त बलाने आधीच दाबून धरलेले असावे लागते.

धातूचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले, तरी त्यांवर सूक्ष्म चढउतार असतात. त्या खळग्यांत गॅस्केटचा मऊ पदार्थ दाबला जाऊन बसतो. लाखेवर शिक्का उठावा तसा तो आकार कायमचा उठतो, आणि गॅस्केट काढून पुन्हा बसवले, की तेच खळगे त्याच जागी येत नाहीत. जुने गॅस्केट फसते ते यामुळे.

आता दोन गॅस्केटांचे पाहू. पिस्टनची धाव ११० मि.मी. असेल, तर त्याने व्यापलेले आकारमान ५५३ घ.सें.मी. भरते. हवा सतरापट दाबली जायची असेल, तर वर सुमारे ३५ घ.सें.मी. जागा उरते. एक मि.मी. जाडीच्या जादा गॅस्केटने तीत ५ घ.सें.मी.ची भर पडली, आणि सतराचे प्रमाण पंधरावर आले. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबल्याने तापलेली हवाच इंधन पेटवते. आमच्या रिंगाही झिजलेल्या होत्या. हवा पुरेशी तापणार कशी?

नट आवळतानाही घाई नको. समोरासमोरचे नट आळीपाळीने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावे. पान्यावर लावलेल्या जोरापैकी सुमारे नऊदशांश भाग घर्षणातच जातो. म्हणून आटे मातीने भरलेले असले, तर हाताला नट घट्ट लागतो, पण स्टडमध्ये ताण आलेलाच नसतो.

फिरत्या दांड्यावरच्या ऑईल सीलची तऱ्हा वेगळी. त्याचा रबरी ओठ तेलाच्या बाजूला, आत तोंड करून बसवायचा. मग तेलाचा दाब ओठाला दांड्यावर अधिकच चिकटवतो. उलटा बसवला, तर तोच दाब ओठ उचलतो. बसवण्यापूर्वी ओठाला ग्रीस लावावे, आणि दांड्यावरच्या खाचेच्या धारदार कडांवर कागद गुंडाळावा. तेवढ्या धारेने ओठ चिरतो.

आम्ही दोन्ही गॅस्केट काढली, पृष्ठभाग स्वच्छ पुसले आणि एकच नवे बसवले. तिसऱ्या हँडलला इंजिन सुरू झाले. तोवर बांधालगतच्या चार सऱ्या वाळल्या होत्या.

जादा गॅस्केट अर्ध्या मि.मी.चे असते, तर सतराचे प्रमाण कितीवर आले असते? वर्गात काढून पाहा.