नाशिक क्षेत्री कुळाच्या नामावळीचा शोध

पंचवटीत रामकुंडावर तीर्थविधीसाठी येणाऱ्या यजमानांच्या कुळांच्या नोंदी येथील तीर्थोपाध्यायांच्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या आहेत. या वह्यांस ‘नामावळी’ म्हणतात. शोधार्थ येणाऱ्या भाविकांनी आडनाव, मूळ गाव, ज्ञाती व आजोबा-पणजोबांची नावे घरूनच लिहून आणावीत. यांत मूळ गाव सर्वांत महत्त्वाचे. आज राहतो त्या शहराचे नाव सांगून उपयोग नाही. कुळाचे उपाध्याय कोण, हे मूळ गाव व आडनावावरून शोधले जाते.

जुनी पाने पुष्कळदा मोडीत असतात. ती उपाध्यायांकडूनच वाचून घ्यावीत. सवड काढून यावे. २००३ वा २०१५ सारख्या सिंहस्थाच्या गर्दीत हे काम निवांतपणे होत नाही. वही ही त्या घराण्याची ठेव आहे, पाने हलक्या हाताने उलटावीत.

पूर्वजांची नोंद सापडल्यावर त्याखाली पुढील पिढ्यांची नावे लिहवून स्वाक्षरी करावी. जुन्या पानांत मुलींची नावे क्वचितच आढळतात. ती आता अवश्य लिहवावीत. दोन पिढ्या कोणी आलेच नाही, तर मधली नावे सांगणारे घरात उरत नाही, मग ती वहीत कोठून येणार? दक्षिणा यथाशक्ती द्यावी.