उष्ण रात्रीही कंद धरणारा बटाटा

बटाटा हे मूळचे थंड हवेचे पीक आहे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उंच पठारांवर, आजच्या पेरू व बोलिव्हिया या देशांच्या प्रदेशात, ते हजारो वर्षांपूर्वी लागवडीखाली आले. तेथे दिवसा ऊन असले तरी रात्री चांगलाच गारठा असतो. असे हे पीक आपण दख्खनच्या पठारावर घेतो. पुणे जिल्ह्यातील खेड व आंबेगाव या तालुक्यांत तर ते खरिपातही घेतले जाते. बटाट्याच्या पिकात सर्वांत मोठा खर्च बेण्याचा असतो. हा खर्च करूनही कंद धरलेच नाहीत, तर शेतकऱ्याचे भांडवल मातीत जाते. म्हणून उष्णता सोसणारा वाण कसा तयार होतो व त्याच्याकडून कोणती अपेक्षा करावी, हे शेतकरी बंधूंनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

उष्णतेने काय बिघडते?

पुष्कळदा असे आढळते की, पीक हिरवेगार व जोमदार दिसते. पण झाड उपटून पाहावे तर खाली सुपारीएवढे चारदोन कंदच असतात. याचे कारण रात्रीच्या तापमानात आहे. बटाट्याची पाने दिवसा अन्न तयार करतात. रात्र थंड असली, म्हणजे तापमान सुमारे १५ ते २० अंश सेल्सिअस असले, की हे अन्न जमिनीखालील धुमाऱ्यांच्या टोकांकडे वाहून जाते व तेथे कंद पोसतो. रात्र उष्ण असली की दोन गोष्टी घडतात. एक, श्वसनाचा वेग वाढून दिवसा तयार झालेल्या अन्नाचा बराच भाग खर्ची पडतो. दुसरी, कंद धरण्याविषयी पानांकडून खाली जाणारा इशाराच क्षीण होतो व झाड पाला वाढवीत राहते. यावरून हे ध्यानात येईल की, नुसता तजेलदार पाला म्हणजे उष्णता सोसणारा वाण नव्हे. उष्ण रात्रीही जो कंद धरतो, तोच खरा काटक वाण होय.

संकर कसा करतात?

आपण बेणे म्हणून कंद लावतो. कंदापासून येणारे झाड हुबेहूब मूळ झाडासारखेच असते, त्यामुळे त्यातून नवा वाण निर्माण होत नाही. नव्या वाणासाठी एका वाणाच्या फुलातील परागकण दुसऱ्या वाणाच्या फुलावर घालून फळ धरवावे लागते. या लहान हिरव्या फळांत बारीक बी असते. बटाट्यात गुणसूत्रांचे चार संच असल्याने आईबापांच्या गुणांची सरमिसळ फार होते. प्रत्येक बियांपासून वेगळे झाड निपजते.

फुले येण्यास बटाट्याला मोठा दिवस व थंड हवा लागते. आपल्याकडील सपाट प्रदेशात हिवाळ्याच्या लहान दिवसांत बहुतेक वाणांना फुले व फळे नीट येत नाहीत. म्हणून संकराचे काम सिमल्याजवळील कुफ्री या थंड ठिकाणी होऊ लागले. १९४९ साली पाटण्यास स्थापन झालेली केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९५६ साली सिमल्यास हलविण्यात आली. तिच्या वाणांच्या नावाआधी ‘कुफ्री’ हा शब्द लागतो, तो या ठिकाणावरून.

बियांपासून वाढविलेल्या हजारो रोपांतून निवड करीत थोडीच उरतात. त्यांची लागण पुढील वर्षी कंदांपासून करतात. उष्णता सोसणारी झाडे हवी असतील, तर लागण मुद्दाम उष्ण काळात करून कोणत्या झाडाखाली कंद धरले ते पाहावे लागते. थंडीत केलेल्या निवडीने हा गुण उघड होत नाही. संकरापासून वाण शेतकऱ्यांच्या हाती पडेपर्यंत सुमारे दहा-बारा वर्षे जातात.

‘लवकर’ ते ‘सूर्या’

कुफ्री लवकर हा वाण १९७२ साली प्रसृत झाला. त्याचे नाव मराठी शेतकऱ्यास समजावून सांगावयास नको. लवकर तयार होणारा व दख्खनच्या पठारास मानवणारा असा हा वाण होता. पुढे लिमा येथील आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राकडून मिळालेल्या एल.टी.-१ या उष्णता सोसणाऱ्या वाणाशी त्याचा संकर करण्यात आला. त्यातून निवडलेला कुफ्री सूर्या हा वाण २००६ साली प्रसृत झाला. रात्रीचे तापमान २० अंशांच्या वर असतानाही तो कंद धरू शकतो. तुडतुड्यांमुळे पाने करपण्याचा त्रासही त्यास कमी होतो. लवकर केलेल्या लागणीत हे दोन्ही गुण मोलाचे ठरतात.

इतर संकटांसाठीही असेच प्रयत्न झाले आहेत. कडाक्याच्या थंडीत दहिवर गोठून पाला जळतो, त्यासाठी १९६८ साली कुफ्री शीतमान हा वाण देण्यात आला. अलीकडे पाण्याची टंचाई असलेल्या भागांसाठी कुफ्री थार-१ व थार-२ हे वाण निघाले आहेत.

मर्यादा ओळखाव्यात

एका संकटास तोंड देणारा वाण सर्व संकटांस तोंड देईल असे मानू नये. कुफ्री सूर्या उष्णता सोसतो. परंतु उशिरा येणाऱ्या करप्यास तो बळी पडतो. ढगाळ व दमट हवेत त्याची काळजी घ्यावीच लागते. काही गुण कायमही टिकत नाहीत. १९६८ साली प्रसृत झालेल्या कुफ्री ज्योतीची करप्यास तोंड देण्याची शक्ती, रोगाचे नवे प्रकार आल्यावर, पुढे ओसरली. १८४५ साली आयर्लंडमध्ये करपा आला, तेव्हा तेथील गरिबांचा भर लंपर या एकाच वाणावर होता. त्यातून ओढवलेल्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली. गावातील सर्व क्षेत्र एकाच वाणाखाली न आणण्याचा धडा यातून घ्यावा.

तसेच, वाण कितीही काटक असला तरी बेणे रोगट असेल तर त्याचा गुण दिसत नाही. माव्यामुळे विषाणुरोग पसरतात व घरचे बेणे वर्षागणिक हीन होत जाते. म्हणून बेणे प्रमाणित असावे.

गावात चाचणी कशी घ्यावी?

ऐकीव माहितीवर सर्व शेत नव्या वाणाखाली आणू नये. पहिल्या वर्षी दोन-तीन गुंठ्यांवर पुढीलप्रमाणे तुलना करावी.

१. नवा वाण व नेहमीचा वाण शेजारी शेजारी, एकाच दिवशी व एकाच अंतरावर लावावा. दोन्हींचे बेणे सारख्याच आकाराचे व मोड आलेले असावे.

२. दोन्ही वाणांच्या सऱ्या आलटून पालटून किमान तीन ठिकाणी घ्याव्यात. एक वाण पोयट्यात व दुसरा मुरमाड कडेला, असे होऊ देऊ नये.

३. लागणीची तारीख आणि रोजचे रात्रीचे किमान तापमान वहीत नोंदवावे.

४. साठाव्या दिवसाच्या सुमारास प्रत्येक वाणाची चार-पाच झाडे उपटून कंद मोजावेत. पाल्याच्या उंचीवरून मत बनवू नये.

५. काढणीच्या वेळी कडेच्या सऱ्या सोडून बाकीच्यांचे वजन करावे. मोठे, मध्यम व बारीक कंद निरनिराळे मोजावेत. कारण बाजारात भाव आकारावर ठरतो.

अशी चाचणी दोन हंगाम घेतल्यावर, आपल्या गावच्या हवेत कोणता वाण भरवशाचा आहे ते नोंदींवरून कळेल. संशोधन केंद्राने वाण निवडलेला असतो. तो आपल्या शिवारास मानवतो की नाही, हे मात्र आपल्याच शेतात पाहावे लागते. ज्या गावाजवळ अशी दोन वर्षांची वही असेल, त्या गावास बेणे घेताना व्यापाऱ्याच्या शब्दावर विसंबून राहावे लागणार नाही.