स्लो कुकरमधला राजमा

प्रश्न : मुलाने स्लो कुकर पाठवलाय. चुलीवरच्या मडक्यासारखाच तोही मंद शिजवतो, मग रात्री कच्चा राजमा टाकून झोपले तर चालेल ना?
– एक वाचक, जवळा बाजार (जि. हिंगोली)

उत्तर : ताई, मडक्याखाली आच मंद असली तरी आत रटरट उकळी येते, स्लो कुकरमध्ये येईलच असं नाही. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य कडक उकळीशिवाय निकामी होत नाही, उलट्या-जुलाब होतात. आठ तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात गॅसवर निदान 10 मिनिटं खळखळ उकळा, मगच कुकरमध्ये. मटण बिनधास्त लावा. गोठवलेलं असेल तर बर्फ मात्र आधी पूर्ण सुटू द्या. पाणी बेताचंच, वाफ फारशी उडत नाही. फोडणी शेवटी, पळीत. लाइट गेली नि जाग्या असाल, तर लगेच गॅसवर शिजवा. रात्री किती वेळ गेली होती ते कळलंच नाही, तर जिवावर आलं तरी फेकून द्या.