कायदा कायम, खर्चास मनाई

प्रश्न : अमेरिकी काँग्रेस कायदा रद्द न करताही त्याची अंमलबजावणी कशी रोखते?

उत्तर : विधिमंडळाच्या मंजुरीवाचून सरकारी खजिन्यातून रक्कम काढता येऊ नये, असा तेथील राज्यघटनेचा दंडक असल्यामुळे, बहुतेक नियामक खाती वार्षिक विनियोजनावर अवलंबून असतात. उदाहरणार्थ, २००७ च्या एका कायद्याने विजेच्या दिव्यांची कार्यक्षमता-मानके ठरविली. परंतु डिसेंबर २०११ मध्ये, तो कायदा तसाच ठेवून, जुन्या तारेच्या दिव्यांविषयीची मानके अमलात आणण्यासाठी ऊर्जा खात्याने मंजूर रक्कम खर्चू नये, अशी अट काँग्रेसने खर्चाच्या विधेयकात घातली. अशी मनाई सामान्यतः त्या आर्थिक वर्षापुरतीच असते, म्हणून ती पुनःपुन्हा घालावी लागते. खजिन्यावर लोकप्रतिनिधींचा अंकुश हवाच. तथापि कायदा नकोसा झाल्यास तो उघड चर्चेनेच बदलावा, हे लोकशाहीस अधिक शोभते.