जर्मन कीबोर्डावर मराठी : बोईसरहून येणाऱ्यांसाठी

तारापूर एमआयडीसीतली नोकरी सोडून किंवा थेट कॉलेजातून जर्मनीला निघालेल्यांना थंडी, भाडे, पत्ता नोंदणी यांबद्दल सगळेच सांगतात. कीबोर्डाचे कोणी सांगत नाही. इथे वाय आणि झेडची अदलाबदल असते, ॲटचे चिन्ह ऑल्ट-जीआर धरून क्यूवर मिळते. पासवर्डात वाय असला की पहिल्याच दिवशी लॉगिन अडते. त्यावर इथे रुळलेल्या घरांचा सल्ला असा : जर्मन लेआउट काढू नका. तो पहिला ठेवा, मराठी दुसरा जोडा.

लिनक्सवर टर्मिनल उघडून रोमन लहान अक्षरांत ही आज्ञा द्या : सेटएक्सकेबीमॅप -लेआउट डीई,आयएन -व्हेरिअंट ,मराठी -ऑप्शन जीआरपी:ऑल्ट_शिफ्ट_टॉगल. मराठीआधीचा स्वल्पविराम विसरू नका. पहिल्या लेआउटला व्हेरिअंट नाही, एवढेच तो सांगतो. तो गाळलात तर संगणक जर्मनमध्ये मराठी शोधतो आणि आज्ञा फसते. जुन्या आवृत्तीत मराठी व्हेरिअंट नसेल तर नुसता आयएन द्या, देवनागरी मिळतेच. मग ऑल्ट-शिफ्टने भाषा बदलते. काय लागू झाले ते त्याच आज्ञेपुढे -क्वेरी लावून पाहा.

लॉगआउट केले की हे सगळे पुसले जाते. डेबियन-उबंटूवर कायमचे हवे असेल तर इटीसी, त्यात डिफॉल्ट, त्यातल्या कीबोर्ड फाइलमध्ये हीच नावे लिहा. वेलँडवर चालणाऱ्या नोम डेस्कटॉपवर मात्र ही आज्ञा उपयोगी नाही. तिथे जीसेटिंग्ज वापरा, नाहीतर सरळ सेटिंग्जमध्ये जा.

आता खरी अडचण. हा मराठी लेआउट भारत सरकारने 1986 मध्ये ठरवलेल्या इनस्क्रिप्टवर बेतलेला आहे, आणि इनस्क्रिप्ट कळांच्या जागेवर चालतो, त्यांवर छापलेल्या अक्षरांवर नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्याला बहुतेक व्यंजने. त्यामुळे इथल्या कीबोर्डावर च येतो ओ-उमलाउटवर, ट ए-उमलाउटवर, ड यू-उमलाउटवर, ब झेडवर आणि य आडव्या रेघेच्या कळेवर. कळांवर शोधत बसलात तर गोंधळ नक्की. ज्यांचा हात बसलेला आहे त्यांना फरक जाणवतही नाही. ळ शिफ्ट धरून एनवर. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र हवा तर शिफ्ट-जे, मग हलन्तासाठी डी, मग य.

रोमन उच्चारावर लिहिण्याची सवय असलेल्यांसाठी मार-कागापा व्हेरिअंट आहे. पण तोही जागेवरच चालतो, म्हणून य इथे झेडवर सापडेल. लांबचा विचार केला तर इनस्क्रिप्टच शिकावा; गावाकडच्या संगणकावरही तोच चालतो.

मराठी चालू असताना टर्मिनलमध्ये आज्ञा देवनागरीत उमटते आणि काहीच होत नाही. आधी ऑल्ट-शिफ्ट दाबा. ऑफिसच्या संगणकावर मात्र आयटी विभागाला विचारल्याशिवाय कुठलीही फाइल बदलू नका.