पत्ता आधी, नियम मागून

चि. भाचेबुवांस,


वाचनालयाची वेबसाइट तू हाती घेतलीस, आनंद झाला. अपाची या वेब सर्व्हरचा रीराइट नियम लिहून मागतोस. तो दोन-चार ओळींचाच असतो. पण आधी पत्ते कसे हवेत ते कागदावर मांड.

आज पुस्तकाचा पत्ता ‘बुक डॉट पीएचपी, प्रश्नचिन्ह, आयडी बरोबर ४२’ असा आहे. उद्या पीएचपी सोडलंस की हे सगळे पत्ते मोडणार, आणि कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली, कुणी प्रबंधात छापलेली लिंक वाया जाणार. चांगला पत्ता बदलत नाही, हे वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच बजावलं आहे. तेव्हा पत्त्यात यंत्राची खूण नको, ‘बुक्स/४२’ पुरे. पुस्तकाचं मराठी नाव घालायचा मोह होईल. पण लिंक कॉपी केली की देवनागरीची एकेक खूण, काना-मात्रासुद्धा, बहुधा नऊ-नऊ चिन्हांची होते आणि वाचणारा गांगरतो. नाव घालायचंच तर रोमनमध्ये घाल.

आता नियम. दिसणारा पत्ता तसाच ठेवून सर्व्हर आत दुसरी फाइल चालवतो, ते रीराइट. ब्राउझरलाच नव्या पत्त्यावर धाडतो, ते रीडायरेक्ट. नव्या पत्त्यांना रीराइट लाव, जुन्यांना रीडायरेक्ट. चाचणी संपेपर्यंत ३०२, म्हणजे तात्पुरतं रीडायरेक्ट, वापर. ३०१, म्हणजे कायमचं रीडायरेक्ट, ब्राउझर लक्षात ठेवतो, मग नियम सुधारूनही तुला जुनंच दिसत राहील. खरोखरची फाइल किंवा फोल्डर असेल तर रीराइटचा नियम लागू नये, ही अट त्या नियमाआधी घाल. नाहीतर मुखपृष्ठांची चित्रंही तुझ्या प्रोग्रामकडे जातील. पानांतले सीएसएसचे दुवे स्लॅशने सुरू कर. नाहीतर ब्राउझर ती फाइल ‘बुक्स’मध्ये शोधत बसेल.

खरी मेख पुढे आहे. नियमाला ‘एल’ हा फ्लॅग लावला की तिथे सगळं संपलं, असं वाटतं. पण नियम डॉट-एचटीअ‍ॅक्सेस या फाइलमध्ये असतील तर पत्ता बदलला की सर्व्हर तेच नियम पुन्हा पहिल्यापासून चालवतो. मग जुना नव्याकडे, नवा आतून पुन्हा जुन्याकडे, असा फेरा सुरू होतो आणि ब्राउझर हात टेकतो. म्हणून रीडायरेक्टची अट ब्राउझरने मुळात पाठवलेल्या मागणीच्या ओळीवर, म्हणजे ‘द रिक्वेस्ट’वर घाल. अपाची २.४ असेल तर आतल्या रीराइटला ‘एल’ऐवजी ‘एंड’ लावलास तरी भागेल. तरीही अडलास तर अंदाजाने नियम बदलत बसू नकोस. रीराइटचा ट्रेस लॉग चालू कर, कोणता नियम कुठे जुळला ते ओळीओळीने दिसेल.

सगळं जमलं की अ‍ॅक्सेस लॉगमधून लोकांनी खरोखर उघडलेले जुने पत्ते काढ आणि प्रत्येक योग्य पानावर पोचतो का, ते पाहा. एकही चुकला नाही, तरच ३०२ चं ३०१ कर.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा